आरशात दिसलेला गोल

२०२२ सालच्या गौरीजेवणाचा दिवस. पंगत उठली होती. पुरणाचं पातेलं, भज्यांची कढई, वरणाची गुंडी अशी सगळी मोठी भांडी एकदमच मोरीत पडली होती. माझ्याकडेच नाही, इमारतीतल्या आणखी चार-पाच घरांतही हीच वेळ भांडी घासायची होती. न्हाणीघरातून गुडगुड आवाज आला. तो आवाज तीन-चार आठवडे येतच होता, त्यामुळे मी उठले नाही. सूनबाई तिकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, पाणी वर येतंय!"

जाळीतून काळपट, तेलकट पाणी वर येत होतं. त्यावर भाताची शितं आणि पुरणाचा चोथा तरंगत होता. पाच मिनिटांत पाणी उंबरठा ओलांडून बोळात आलं. गौरी बाहेरच्या खोलीत बसलेल्या. जुनी पोती, चादरी, हाताला लागेल ते आम्ही दारात कोंबलं आणि मी जिन्यात जाऊन वर हाका मारल्या, "नळ बंद करा, कुणीही पाणी सोडू नका!" वरून सगळे धावत आले, बादल्यांनी पाणी उपसायला लागले. गौरींपर्यंत पाणी पोचलं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना फिनेलच्या वासात बसावं लागलं, ते मला अजून टोचतं.

आमची इमारत १९८४ सालची. पुण्यात सहकारनगरात, तळमजला अधिक तीन मजले, बारा फ्लॅट. वरच्या तिन्ही मजल्यांचं पाणी माझ्या न्हाणीघराच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या पाइपांतून खाली येतं. खाली ते कुठे जातं, याचा विचार मी तिथे राहत असलेल्या सव्वीस वर्षांत एकदाही केला नव्हता.

रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लंबर आला. त्याने जाळी काढून स्प्रिंग घातली, दहा-बारा फूट आत ढकलली, फिरवली. पाणी खाली गेलं. तो पैसे घेऊन गेला आणि सकाळी सातला, वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन सुरू झाल्यावर, पाणी पुन्हा वर. तुंबलेलं माझ्या घरात नव्हतंच. ते बाहेर, जमिनीखालच्या लाइनीत होतं. घरातून कितीही स्प्रिंग फिरवली तरी तिथपर्यंत ती पोचणार नव्हती.

मग सोसायटीने एका ठेकेदाराला फोन केला. दोन माणसं आली. एकाच्या खांद्यावर बांबूच्या लांब कामट्या, दुसरा विशीतला मुलगा, रिकाम्या हाताने. फाटकाजवळचं झाकण पहारीने उचललं. चेंबर सहा फूट खोल आणि काठापासून हातभर खालीपर्यंत भरलेलं. कामटी घालून बघितली, अडकली. तेव्हा त्या मुलाने शर्ट काढला, घडी करून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला आणि चेंबरच्या काठावर बसून पाय आत सोडले.

मी म्हटलं, "अरे, थांब. आत नाही उतरायचं."

तो म्हणाला, "काकू, रोजचंच आहे आमचं."

त्याचा तो घडी केलेला शर्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तो मळू नये म्हणून त्याने काळजीने बाजूला ठेवला होता. मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. सोसायटीतले एक-दोन जण म्हणाले, उतरू द्या, त्यांना सवय असते, नाहीतर आणखी एक दिवस जाईल. जाऊ दे दिवस, असं मी म्हटलं. त्या क्षणी मला कायदा माहीत नव्हता. नंतर वाचला. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवून साफसफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती बंदी फक्त महापालिकेला नाही, काम देणाऱ्या प्रत्येकाला आहे. म्हणजे आम्हालाही होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. ही रक्कम वाढवायची वेळ येते, यातच सगळं आलं. बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आत उतरलेल्याला वाटतं वास गेला, हवा बरी झाली. वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

काम थांबलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या आजींनी त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. साठी ओलांडलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी आल्या आल्या कामटी नाही मागितली. विचारलं, "ताई, चेंबर किती आहेत?"

आम्हाला दिसणारी चार होती. ते म्हणाले, एवढ्या लांबीला चार असणं शक्य नाही. वळण आलं की चेंबर हवं, दुसरी लाइन येऊन मिळाली की चेंबर हवं.

त्यांनी दिसतील ती चारही झाकणं उघडून ठेवली आणि अर्धा तास कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. वाकून बघायचं नाही, काडी ओढायची नाही, मुलांना गच्चीवर पाठवा. मग त्यांनी दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. फाटकाजवळचं आमचं शेवटचं चेंबर भरलेलं होतं, पण त्यापुढचं, रस्त्याकडेचं, कोरडं होतं. "भरलेलं आणि कोरडं, या दोघांच्या मधे तुंबलंय. एवढंच बघायचं असतं," मामा म्हणाले. आम्ही दोन दिवस ज्याला शोधत होतो ते दोन झाकणं उघडून दोन मिनिटांत सापडलं.

दुपारी जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन साफ करणारी गाडी आली. तिचा पाइप भरलेल्या चेंबरमधून खाली ढकलत नाहीत. कोरड्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडतात. त्याच्या तोंडाला मागच्या बाजूला भोकं असतात, त्यांतून जोरात मागे येणारं पाणी पाइपाला पुढे रेटतं आणि सुटलेली घाण खाली वाहून आणतं. वीसेक मिनिटांनी आधी एक मोठा ढेकूळ आला आणि मग धो धो पाणी. बाहेर जे आलं ते बघायला सगळी इमारत जमली. पांढरट राखाडी, साबणाच्या वडीसारखं घट्ट, आणि त्यात केसांच्या जटेसारखी मुळं. पिंपळाची. कंपाउंडच्या भिंतीत उगवलेलं जे रोप आम्ही पवित्र म्हणून कधी काढलं नव्हतं, त्याची मुळं भाजक्या मातीच्या पाइपाच्या सांध्यातून आत शिरली होती. जुन्या पाइपांचे सांधे सिमेंटचे. जरा चीर पडली की ओलाव्याच्या दिशेने मूळ आत येतं आणि आत आल्यावर गाळणीसारखं पसरतं. त्या गाळणीवर आमचं तेल, तूप, शितं, केस येऊन बसत गेले.

साबणासारखं का, तर ते एका अर्थी साबणच असतं. तेला-तुपातली आम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम यांचा पाण्यात न विरघळणारा साबण बनतो. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, चांगलंच कडक. मी वर्षानुवर्षं कढई धुताना वर गरम पाणी ओतत आले, चिकटा जातो म्हणून. मामा म्हणाले, "जातो ना ताई. तुमच्या मोरीतून जातो आणि तीस फुटांवर गार होऊन बसतो."

पण एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. बाहेर तुंबलं तर पाणी बाहेर अंगणात यायला हवं, माझ्या न्हाणीघरात का आलं? मामांनी भिंतीलगत पहारीने ठोकत ठोकत एक पेव्हर ब्लॉक उचकटला. खाली गली ट्रॅप निघाला, वर सिमेंटने बंद केलेला. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी आधी या ट्रॅपमध्ये पडतं आणि मग चेंबरमध्ये जातं. त्याची जाळी नेहमी घराच्या फरशीपेक्षा खाली असावी लागते, कारण लाइन तुंबलीच तर पाण्याने तिथून अंगणात सांडावं, घरात शिरू नये. आमच्या इमारतीत तशीच होती. सहा वर्षांपूर्वी अंगण छान दिसावं म्हणून आम्ही पेव्हर बसवले, अंगण आठ इंचांनी उचललं गेलं, आणि जाळ्या विचित्र दिसतात म्हणून त्या बुजवल्या गेल्या. तो ठराव सभेत एकमताने झाला होता. माझाही हात वर होता.

हे समजल्यावर मी सोसायटीच्या कपाटातला मंजूर नकाशा शोधून काढला. निळा, घड्यांवर फाटलेला. त्यात चेंबर सात होती. भिंतीपासून फुटांनी मोजत आम्ही उरलेली तीन शोधली. एक पेव्हरखाली, एक तगरीच्या वाफ्यात मातीखाली, आणि एक दुचाकींच्या पार्किंगमध्ये, वर कोबा केलेला. तिन्ही उघडायला दोन रविवार गेले. वाफ्यातल्या चेंबरच्या तळाशी, पाणी वाहायला जी अर्धगोल नाली असते ती अर्धी सिमेंटने भरलेली होती. दुसऱ्या मजल्यावर दोन वर्षांपूर्वी फरशी बदलली तेव्हा कारागिरांनी घमेली आणि थापी न्हाणीतच धुतली होती. आता कुणाकडे फरशीचं काम निघालं की आधी चेंबर उघडून फोटो काढतो, काम संपल्यावर परत काढतो, आणि घमेली धुवायला अंगणात एक पिंप ठेवतो. सुरुवातीला लोकांना हा अविश्वास वाटला. मला तो शेजारधर्म वाटतो.

कुणाचं पाणी कुठे जातं हे बघायला आम्ही खाण्याचा लाल रंग वापरला. एका फ्लॅटमध्ये बादलीभर पाण्यात रंग घालून न्हाणीत ओतायचा, खाली दोघांनी चेंबरवर उभं राहायचं. लाल पाणी दिसलं की हाक मारायची. या खेळात गच्चीचं पावसाचं पाणी आमच्याच ड्रेनेजमध्ये सोडलेलं सापडलं. कधीतरी कुणीतरी सोय म्हणून जोडलेलं. पावसाळी गटार वेगळं आणि मैलापाण्याची लाइन वेगळी. मोठ्या सरीत सगळ्या गच्चीचं पाणी सहा इंची पाइपात शिरलं तर तो फुगणारच. ते वेगळं करून घेतलं.

आणि मग आरसा. मामांनी माझ्याकडे घरातला दाढीचा आरसा मागितला. एका चेंबरच्या पाइपाच्या तोंडाशी, काठीला बांधलेली विजेरी धरायची. पुढच्या चेंबरमध्ये वरूनच, तारेला तिरका बांधलेला आरसा सोडायचा. दोन चेंबरमधली लाइन सरळ आणि मोकळी असेल तर आरशात प्रकाशाचा पूर्ण गोल दिसतो. पहिल्या-दुसऱ्या चेंबरमध्ये दिसला, लख्ख, पौर्णिमेसारखा. तिसऱ्या-चौथ्यामध्ये वरची चंद्रकोर तेवढी दिसली. "लाइनीला पोट आलंय," मामा म्हणाले. मधला पाइप खचून खोलगट झाला होता आणि त्यात पाणी कायमचं साचून राहत होतं. जवळजवळ चाळीस वर्षं जमिनीत असलेला पाइप न खणता, न फोडता असा दिसू शकतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. मी तो आरसा आता दुसऱ्या कशालाही वापरत नाही.

तो वीस फुटांचा तुकडा बदलला. जुना मातीचा काढून सहा इंची पीव्हीसी टाकला. उतारासाठी मामांचा साधा नियम, चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. म्हणजे आमच्या वीस फुटांना चार इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी दोन्ही टोकांची पातळी तीन वेळा मोजली. मदतनीस घाई करत होता, मामांनी त्याला खाली बसवलं आणि त्याच्याकडूनही एकदा मोजून घेतलं. गली ट्रॅप मोकळे करून त्यांच्याभोवतीचे पेव्हर उतरवले, जाळ्या पुन्हा फरशीच्या खाली आणल्या. पिंपळाचं रोप शेजारच्या मंडळींनी विधिवत काढून टेकडीवर नेऊन लावलं. सगळा खर्च बारा घरांत वाटला. कुरकूर झाली, पण पैसे सगळ्यांनी दिले.

घरातल्या घरात काय बदललं ते सांगते, कारण खरं काम तिथेच आहे. कढई आणि तवा आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायचा, मग घासायचा. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत. चहाचा चोथा कुंडीत. मोरीला बारीक जाळी. ती रोज रात्री मी काढून झटकते, त्यात एका दिवसात किती भात निघतो हे बघून मी भात वाढायच्या अंदाजातही फरक केला. न्हाणीत केस अडवायला वेगळी जाळी. कमोडमध्ये पाणी आणि शरीराचं जे असेल ते, बाकी काहीही नाही. ओले टिश्यू विरघळतात असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी ते मी बादलीत दोन दिवस भिजत घालून बघितले आहेत. तसेच राहतात. आणि बाटलीतलं ॲसिड बंद. पूर्वी दर महिन्याला मी ते ओतत होते. त्याने मेणचट गोळा सुटत नाही, जुन्या सांध्यांचं सिमेंट मात्र खातं, आणि नंतर स्प्रिंग घेऊन येणाऱ्याच्या अंगावर उडतं ते वेगळंच. ॲसिड आणि ब्लीचिंगचं पाणी एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

न्हाणीच्या जाळीखाली काय असतं तेही मी त्यानंतरच बघितलं. आत एक पालथी वाटी असते आणि तिच्याभोवती साधारण दोन इंच पाणी कायम उभं राहतं. ते पाणी म्हणजेच झाकण. गटाराची हवा आणि झुरळं त्याच्यामुळे वर येत नाहीत. पाणी सावकाश जातं म्हणून बरेच जण ती वाटी काढून फेकतात, आमच्या इमारतीत चार घरांत ती नव्हतीच. गावाला जाऊन महिनाभराने परत आलं की घरात जो वास येतो, तोही हे पाणी आटल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतलं की जातो. आणि तो गुडगुड आवाज, ज्याच्याकडे मी तीन आठवडे दुर्लक्ष केलं, तो पुढे वाट न मिळालेल्या हवेचा होता. ती या दोन इंच पाण्यातून वर येत होती. लाइन आधी बोलते, मग तुंबते. न्हाणी हा आपल्या घरातला शब्द, आणि आपल्याकडच्या प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा याला 'नहाणी ट्रॅप' असंच म्हणतात. हे कळलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

आता वर्षातून चार वेळा आम्ही सातही झाकणं उघडतो. मे महिन्याच्या मध्यावर, गौरीच्या आधीच्या रविवारी, दिवाळी झाल्यावर आणि फेब्रुवारीत. दोन माणसं, दोन पहारी, हातमोजे, गमबूट. उघडल्यावर अर्धा तास लांब. चेंबरमध्ये कुणी पाय घालायचा नाही, हात लागेल तो लांब दांड्याच्या खुरप्याचा. उघडं झाकण क्षणभरही एकटं सोडायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या रस्त्यावरून चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते मी तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं. पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी कामाला यायचं नाही. गटारात उंदीर असतात आणि त्यांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टो या तापाची भीती असते. नाल्यांच्या कडेला जमलेला गाळ काढायचा, पहिल्या चेंबरमध्ये लाल पाण्याची बादली ओतायची आणि ते सातव्यापर्यंत किती वेळात पोचतं ते वहीत लिहायचं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा दीड मिनिट लागलं होतं. एका फेब्रुवारीत अडीच मिनिटं लागली. आरशात पाहिलं तर पाचव्या चेंबरच्या पुढे गोलाच्या खालच्या कडेला काळा डाग. लांब दांड्याने ओढल्यावर भांडी घासायच्या काथ्याची गुंडी निघाली. तिच्याभोवती तेल जमायला नुकतीच सुरुवात झाली होती. कुणाला उतरवायची गोष्ट दूरच, पाऊण तासात झालं.

तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. ठेकेदाराकडे चौकशी केली, तो काम सोडून गेला म्हणाले, कुठे ते सांगता आलं नाही.

मामांचे गुडघे आता साथ देत नाहीत, ते येत नाहीत. पण तपासणी झाली की मी त्यांना फोन करते. यंदा गौरीच्या आधीच्या रविवारी केला.

"मामा, सगळ्या लाइनींत गोल पूर्ण दिसतोय."

"पाणी किती वेळात पोचलं?"

"एक मिनिट चाळीस."

ते जरा थांबले. मनातल्या मनात ती लाइन चालून येत असावेत. "ठीक आहे. झाकणांच्या कडेला ग्रीस लावलं का?"

नव्हतं लावलं. चपला घालून मी परत खाली गेले.